अपेक्षा सोनघळला जाते

लालबाग, मुंबई
२६ नोव्हेंबर २०२४

प्रिय नमू,
आशीर्वाद.

शिवा गेल्या आठवड्यात तुझं पत्र देऊन गेला, सोबत घेवड्याची पिशवी. तुझ्या रानात मोबाईल लागत नाही म्हणून, नाहीतर मी कशाला हातात पेन धरतोय? भायखळ्याला गाळ्यावर बसून लिहितोय. समोर अख्खं भाजी मार्केट ओरडतंय, तेव्हा अक्षर सांभाळून घे. शिवाचा टेम्पो रोज तुमच्या गावची भाजी घेऊन इथे येतो, हे आपलं नशीब. पोस्टाची गरज नाही.

तू डिसेंबरातल्या शिबिराचं लिहिलंस. दहा दिवस पोरींनी तंबूत राहायचं, जंगल फिरायचं, शेवटी भैरोबाचा माथा चढायचा. मी ते ललिताला वाचून दाखवत होतो आणि अपेक्षा दारात उभी राहून ऐकत होती. तेव्हापासून घरात एकच विषय. "बाबा, मी जाणार." मी नाही म्हटलं. मग ती बोलायचीच बंद झाली. डबा घेऊन परळच्या ऑफिसात जाते, येते, जेवते, झोपते. घरात माणूस असून नसल्यासारखं झालंय.

आता नमू, मोकळेपणी लिहितो. आम्हा तिघांशिवाय तिच्या फिटचं फक्त तुला माहीत आहे. अकरा वर्षांची होती तेव्हापासून झाकून ठेवलंय. आली की दार लावतो, टीव्हीचा आवाज मोठा करतो, शेजारी काही ऐकू जाऊ देत नाही. म्हणूनच तेवीस वर्षांच्या पोरीला मी अजून ऑफिसपर्यंत सोडायला जातो. लोकांना वाटतं बाप संशयी आहे. वाटू दे.

त्यात घोडपदेवचं एक स्थळ आलंय. आपल्याच बाजूची माणसं, मुलगा बँकेत. जानेवारीत बघायला येतील. एकदा तिचं सगळं मार्गी लागलं की मी सुटलो.

तिला पाठवतो, पण एका अटीवर. तिथे कोणालाही कळता कामा नये. गोळ्या तू दे, रात्री तू तिच्याजवळ झोप. एवढं कर माझ्यासाठी.

तुझा,
गुणादादा

*

सोनघळ
३० नोव्हेंबर

गुणादादा,
नमस्कार.

अपेक्षाला यायचंय हे वाचून मी चुलीपाशी बसलेल्या सगळ्या बायकांना ओरडून सांगितलं. तुझी अट मात्र मला मान्य नाही.

दादरच्या शाळेत मी वीस वर्षं पी.टी. शिकवली. मैदानावर मुलीला फिट आलेली पाहिली आहे. जवळच्या माणसांना माहीत असेल तर तो दोन-तीन मिनिटांचा प्रसंग असतो. माहीत नसेल तर कोणी चप्पल हुंगवतं, कोणी कांदा शोधत पळतं, कोणी दातात चमचा घालून दातच पाडतं. इथे आम्ही कारवीच्या दाट झुडपांतून एकीमागे एक चालतो. मी पुढे असले आणि ती मागे कुठे कोसळली तर? तिच्या मागच्या-पुढच्या मुलींना माहीत हवं. तंबूत शेजारी झोपणारीला माहीत हवं. तुला शेजाऱ्यांची भीती वाटते, मला तिचं डोकं दगडावर आपटायची वाटते.

तिच्या डॉक्टरांना भेट, त्यांची चिठ्ठी घे. तळ्यात ती उतरणार नाही आणि तिची झोप पूर्ण होईल हे मी बघेन. गावात दवाखाना आहे. वनखात्याच्या चौकीवर जीप उभी असते आणि तिथला फोनही चालतो.

मुलींना सांगणार मात्र तीच. मी सांगितलं तर ती पेशंट होईल. तिनं सांगितलं तर मैत्रीण.

नमू

*

लालबाग
७ डिसेंबर

प्रिय नमू,

तू मामांसारखीच हट्टी. ठीक आहे.

डॉक्टर हो म्हणाले. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील आणि सुटका होईल, तर उलट मलाच विचारतात, "इतकी वर्षं का नाही पाठवलंत?" चिठ्ठी सोबत जोडली आहे. तू म्हणालीस तसं अपेक्षाला समजावून सांगितलं आहे. ती काय ते बोलेल.

ललिताने नवा स्वेटर आणलाय, तीन टोप्या आणल्यात, आणि चिवडा एवढा केलाय की तुझं अख्खं गाव खाईल. वीस तारखेला दादरहून तुमची बस सुटते, तिथे मी स्वतः बसवून देतो.

गुणादादा

*

सोनघळ
२१ डिसेंबर

आई आणि बाबा,

पोचले. काल तंबू उभा केला. तंबू म्हणजे मला वाटलं होतं सिनेमात असतो तसा, आत उभं राहता येईल. कसलं काय, रांगत आत शिरायचं! आम्ही तिघी एका तंबूत आहोत. दीपिका गिरगावची आहे, तोंडाला कुलूप म्हणून नाही. मेघना दादरची, शांत, रोज डायरी लिहिते. पहिल्या वेळी आमचा तंबू एका बाजूने बसला. दीपिका म्हणाली, "ए, आपल्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट झालं वाटतं!" आत्या हसून हसून खाली बसली. दुसऱ्या वेळी मी खुंट्या ठोकल्या. आता वारा आला तरी हलत नाही.

सकाळी तंबूच्या अगदी वर हिरड्याच्या झाडावर शेकरू होतं. मांजराएवढी खार, बाबा! लालभडक, शेपूट हातभर. आणि इथे सकाळी इतकं शांत असतं की पहिल्यांदा मला वाटलं, कानात काहीतरी झालं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. बाबा, बसमध्ये चढवताना तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "आत्या काय वाट्टेल ते सांगू दे, तू तोंड उघडायचं नाही." मी मान डोलावली. पण काल संध्याकाळी आत्याने सगळ्यांना ओळख करून द्यायला सांगितली. नाव, गाव आणि एक गोष्ट जी बाकीच्यांना माहीत असायला हवी. कोणी म्हणालं मी घोरते, कोणी म्हणालं मला पालीची भीती वाटते. माझी पाळी आली. मी उठले आणि म्हटलं, "मला फिट येते."

एक मुलगी म्हणाली, "म्हणजे तू फिट आहेस ना? मग चांगलंय की." तिला खरंच तसं वाटलं! मग मी नीट सांगितलं. फिट आली तर मला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, धरून ठेवू नका, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर जीप बोलवा. वाटलं, आता सगळ्या तोंडं फिरवणार. तर दीपिका म्हणते, "एवढंच ना? मग घड्याळ मेघना बघेल, तिच्याकडे चांगलं आहे. उशीला माझं जॅकेट." आणि पुढची मुलगी तिच्या पालीचं सांगायला लागली.

बाबा, एवढंच झालं. बारा वर्षं आपण ज्याला घाबरलो, ते एवढंसं होतं.

एक गोष्ट लपवत नाही. मेघनाची मावशी म्हणजे आपल्याच मजल्यावरच्या प्रधानबाई. मला आधी माहीत नव्हतं.

तुमची,
अपेक्षा

*

भायखळा, गाळ्यावरून
२२ डिसेंबर

अपेक्षा,

तुझं पत्र वाचलं.

मी काय सांगितलं होतं आणि तू काय केलंस? प्रधानबाई! मजल्यावर पाय ठेवायला जागा ठेवली नाहीस. उद्या त्या तिसऱ्या मजल्यावर बोलतील, परवा अख्ख्या बिल्डिंगला कळेल, चार दिवसांत घोडपदेवला. तुझ्या आईने बारा वर्षं रात्र रात्र जागून काढली, त्याचं तू हे केलंस, चार पोरींसमोर शाबासकी मिळवायला?

तुझ्या भल्यासाठी करतोय गो बाय, माझ्यासाठी नाही. तुला कळत नाही लोक कसे असतात.

सामान बांध. उद्या शिवाच्या टेम्पोत बसून परत ये. मी त्याला सांगून ठेवलंय.

बाबा

*

सोनघळ
२३ डिसेंबर

गुणादादा,

शिवाला मी रिकामाच परत पाठवते आहे. रिकामा म्हणजे वाटाण्याच्या पोत्यांसकट.

अपेक्षा आज तंबूत पडून आहे. ती सुखरूप आहे, एवढा माझ्यावर विश्वास ठेव. तुला काय लिहायचं आणि कधी लिहायचं ते तिला स्वतःच ठरवायचं आहे. मी तिला शब्द दिला आहे की मी मध्ये बोलणार नाही.

एक विनंती. तिचं पत्र येईपर्यंत तू तिला काही लिहू नकोस.

नमू

*

लालबाग
२४ डिसेंबर

नमू,

कळलं. माझं पत्र लागलं तिला. रुसून तंबूत पडली आहे. लहानपणी पण असंच करायची, चादर डोक्यावरून घेऊन दिवसभर. तुझ्या तोंडून निरोप पाठवते आणि तू वकिली करतेस.

लिहू नको म्हणालीस म्हणून तिला लिहीत नाही, तुला लिहितोय. तिला सांग, बाबा रागावला असला तरी तुझ्या आवडीची कोलंबी फ्रीजमध्ये आणून ठेवलीय.

इकडे व्हायचं ते झालंच. मेघनाने मावशीला शनिवारी वनखात्याच्या चौकीवरून फोन केला होता म्हणे, कोण कोण आहे ते सांगायला. त्यातून पुढे काय कळलं ते देव जाणे. काल प्रधानबाई जिन्यात भेटल्या. एरवी "काय गुणाजी, भाजी महाग झाली का?" म्हणून थट्टा करतात. काल थट्टा नाही, हसणं नाही. एवढंच म्हणाल्या, "अपेक्षा कधी येणार?" आवाज एकदम हळू. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर आलो. संध्याकाळी त्यांनी दाराची बेल वाजवली, मी ललिताला दार उघडू दिलं नाही.

मी ठरवलंय. शुक्रवारी शिवाच्या टेम्पोने मीच येतो आणि तिला घेऊन जातो. आता वाद नको.

गुणादादा

*

सोनघळ
२५ डिसेंबर

बाबा,

येऊ नका. आधी हे सगळं वाचा.

मी रुसले नव्हते. सोमवारी सकाळी मला फिट आली.

तुमचं पत्र रविवारी संध्याकाळी मिळालं. रात्रभर मला झोप लागली नाही. आत्यासमोर मी झोपल्याचं नाटक केलं, ती चूक माझी. सकाळी आम्ही देवराईच्या वाटेवर निघालो. मी मधे, पुढे मेघना, मागे दीपिका. एका सपाट जागेवर पाणी प्यायला थांबलो, आणि मला तो नेहमीचा जळका वास आला. मी म्हटलं, "मेघना, बसते मी." त्यापुढचं मला आठवत नाही.

जे झालं ते त्यांनी सांगितलं. दीपिकाने जॅकेट काढून माझ्या डोक्याखाली सारलं. मेघना घड्याळ हातात घेऊन मोठ्याने मिनिटं सांगत राहिली. आत्याने मला कुशीवर केलं. बाकीच्या मुली पाठ करून गोल उभ्या राहिल्या, कोणी बघायला नको म्हणून. रानात कोण बघणार होतं? माकडं? पण उभ्या राहिल्या. कोणी ओरडलं नाही, कोणी रडलं नाही. नंतर दीपिका एकटी झाडामागे जाऊन रडली, पण ते तिने मला सांगायचं नाही असं मेघनाला बजावलं होतं आणि मेघनाने लगेच सांगितलं.

मी डोळे उघडले तर वर झाडांतून आभाळ दिसत होतं. बाबा, घरी मला जाग येते तेव्हा दार बंद असतं, टीव्ही मोठ्याने चालू असतो आणि तुम्ही दोघं असं बघत असता की जणू मी काही चोरून आणलंय. तुम्ही माझ्यासाठीच करता, मला कळतं. पण दर वेळी जाग आली की मला लाज वाटते. सोमवारी पहिल्यांदा वाटली नाही. दीपिका म्हणाली, "तीन मिनिटं. झालं. चहा घेणार?" मी हो म्हटलं आणि मग मला इतकं रडू आलं की थांबेना. दुःखाचं नव्हतं ते.

जीपने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, चौकीवरून आपल्या डॉक्टरांना फोन लावला. दोघांनी विचारलं, झोप झाली होती का. मी खरं सांगितलं. ते म्हणाले, दोन दिवस आराम, पोटभर झोप, गोळ्या वेळेवर. मग बरं वाटत असेल तर शनिवारी माथ्यावर जायला हरकत नाही, सोबत मात्र हवी.

आत्या तुम्हाला फोन करणार होती. मीच नको म्हटलं. तुम्ही ऐकून लगेच निघाला असतात आणि मला घरी नेलं असतंत. मग मी आयुष्यभर तुमच्यावर रागावून राहिले असते. मला तसं व्हायचं नव्हतं.

मी शनिवारी चढणार आहे. तुम्ही हो म्हणालात तर आनंदाने चढेन. नाही म्हणालात तरी चढेन.

अपेक्षा

*

भायखळा
२६ डिसेंबर

बाय,

शिवाने पत्र दिलं तेव्हा गाळ्यावर गर्दी होती. मी मागच्या पोत्यावर बसून वाचलं. दोनदा वाचलं. गिऱ्हाईक हाका मारत होतं, आपला गाळ्यावरचा अभय म्हणाला, "काका, उठा ना." शेवटी त्यानेच माल दिला.

रविवारचं ते पत्र मी लिहायला नको होतं. आणखी काय लिहू? तू झोपली नाहीस आणि का झोपली नाहीस, ते तू लिहिलं नाहीस. मला कळलं.

दुपारी घरी गेलो. आईला वाचून दाखवलं. मी तुझ्या टीव्हीच्या ओळीला आलो आणि ती म्हणाली, थांबा. उठून टीव्हीची पिनच काढली.

मग पुन्हा बेल वाजली. प्रधानबाई. या वेळी मी स्वतः दार उघडलं. म्हटलं, काय बोलायचं ते एकदा तोंडावर बोलून घेऊ दे. त्या आत आल्या, बसल्या, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. आईने पाणी आणून दिलं. म्हणाल्या, "गुणाजी, तुमचे डॉक्टर कोण? आमच्या प्रितीला पण येते हो."

त्यांची प्रिती, एकतीस वर्षांची. कॉलेज सोडल्यापासून एकटी जिना उतरलेली कोणी पाहिली नाही. आम्ही म्हणायचो, शिष्ट आहे. एक भिंत मध्ये गो! इकडे आम्ही टीव्ही मोठा करायचो, तिकडे त्या मिक्सर लावायच्या. इतकी वर्षं.

प्रधानबाईंनी विचारलं, "अपेक्षाने खरंच सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं?" मी म्हटलं, "हो. माझी मुलगी आहे." हे म्हणताना माझा आवाज कसा झाला ते आईला विचार.

शुक्रवारी मी येत नाही. जेव, झोप, गोळ्या घे.

आणि शनिवारी चढ.

बाबा

*

सोनघळ
२८ डिसेंबर, संध्याकाळ

आई, बाबा,

पाय असे दुखतायत की तंबूत रांगतसुद्धा जाता येत नाही. आत्याने गरम पाण्याची बादली दिली, त्यात पाय सोडून लिहिते आहे.

उजाडताच निघालो. माझी रांगेत जागा ठरलेली, दीपिका आणि मेघनाच्या मधे. देवराईपर्यंत सावली, वाट सोपी. सोमवारची ती जागा आली तेव्हा सगळ्यांची पावलं हळू झाली. मीच थांबले आणि म्हटलं, "इथे पाणी प्यायचं राहिलं होतं माझं." मग प्याले. सगळ्या प्याल्या.

देवराईच्या वर झाडं संपतात आणि उभा चढ लागतो. ऊन, गवत आणि घसरडी माती. अर्ध्यात माझा दम गेला. आत्या मागे आली आणि हळूच म्हणाली, "इथपर्यंत आलीस तेच खूप आहे. इथे सावलीत थांबायचं असेल तर मी थांबते तुझ्याबरोबर. कोणी काही म्हणणार नाही." मी खाली बघितलं. आमचे तंबू एवढेएवढेसे दिसत होते. आत्या मनापासून बोलत होती. पण बाबा, मला आयुष्यात सगळ्यांनी मनापासूनच थांबवलंय. मी म्हटलं, "आत्या, फिट येत नाहीये मला. नुसता दम लागलाय. सगळ्यांना लागतो तसा." ती हसली आणि बाजूला झाली.

शेवटी खडकात खोदलेल्या पायऱ्या आहेत, एका बाजूला साखळी. त्या मी बसत, हाताने धरत, एकेक करत चढले. दीपिका खालून ओरडत होती, "अगं लवकर, मागे ट्रॅफिक झालंय!" मेघना वर पोचून हात देत होती. मी तिचा हात घेतला नाही, साखळीनेच वर गेले. ती रागावली नाही.

आणि वर! वर काही नाही, बाबा. एक छोटं देऊळ, घंटा, वारा. पण पलीकडे सगळं खाली उतरत गेलेलं. डोंगरामागे डोंगर, निळे, मग फिके, आणि अगदी टोकाला एक चकाकती रेघ. आत्या म्हणाली, "ते कोकण. ती रेघ म्हणजे खाडी. आपलं गाव त्या अंगाला." आजोबा तिथून बोटीने गिरणीत कामाला आले, असं तुम्ही सांगायचात. मी ते पहिल्यांदा बघितलं, आणि वरून बघितलं.

आम्ही प्रत्येकीने आपापलं नाव ओरडून सांगितलं. मी "अपेक्षा" म्हणून ओरडले तर सगळ्या माझ्याबरोबर ओरडल्या. दीपिका म्हणते कोकणात ऐकू गेलं असणार.

मग मेघनाचा मोबाईल वाजला. माथ्यावर रेंज आहे! मी तिचा फोन घेतला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

उद्या निघते. दादरला घ्यायला या, पण बॅग मी उचलणार.

अपेक्षा

*

लालबाग
६ जानेवारी २०२५

प्रिय नमू,
आशीर्वाद आणि खूप खूप काही.

तुला दोन दिवसांपूर्वीच लिहिणार होतो, पण इकडे घडामोडी इतक्या की हातात पेन टिकेना. आधी फोनचं सांगतो, कारण अपेक्षाने फक्त तिकडची बाजू पाहिली.

तुम्ही माथ्यावर होतात त्या शनिवारी मी गाळ्यावर काटा धरून उभा होतो आणि लक्ष नव्हतं. अनोळखी नंबर वाजला. कानाला लावला तर नुसता वारा. मग, "बाबा, मी माथ्यावर आहे." मार्केटमध्ये लिलावासारखा आरडाओरडा चाललेला. मी ओरडलो, "काय? मोठ्याने बोल!" ती ओरडली, "माथ्यावर! मी! चढले!" मी म्हटलं, "कशी आहेस?" ती म्हणाली, "घामाघूम!" आणि हसायला लागली. नमू, ती लहान असताना असं हसायची. मी तसाच फोन वर धरला आणि ओरडलो, "माझी मुलगी डोंगरावर चढली!" कोणता डोंगर, कशाला, कोणाला काही ठाऊक नाही. पण भायखळ्याची माणसं ती. शेजारच्या गाळ्यावरच्या गुप्ताने टाळी वाजवली, मग हमालांनी शिट्ट्या मारल्या, कोथिंबीरवाल्या मावशींनी तर माझ्या डोक्यावर कोथिंबीरच उधळली. अभय म्हणतो, "काका, तुम्ही नाचत होतात." मला आठवत नाही. असेन नाचत.

परवा शनिवारी, चार तारखेला घोडपदेवची मंडळी आली. पोहे झाले, मुलाच्या आईने विचारलं, "स्वयंपाक येतो ना?" अपेक्षा म्हणाली, "येतो. आणि मला फिटचा आजार आहे, औषध चालू आहे. तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा, मी सांगते." माझ्या हातात बशी होती. ती मी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "तिने सांगितलं ते खरं आहे. आम्ही लपवणार होतो. तिने लपवू दिलं नाही."

ती माणसं चहा न पिता उठली. दार बंद झालं. मी ललिताकडे बघितलं, ललिता माझ्याकडे. मला वाटलं, आता ती रडेल. ती म्हणाली, "पोहे किती उरलेत बघा. प्रधानांना हाक मारा." आणि मग आम्ही सगळ्यांनी ते पोहे खाल्ले, प्रधानबाई, त्यांचे मालक, प्रिती पण. प्रिती पहिल्यांदा आमच्या घरात बसली. दोनच वाक्यं बोलली, पण दुसरं होतं, "तंबूत थंडी वाजते का?"

त्यावरूनच आजचं सगळं. अपेक्षाने मेघनाकडून तंबू मागून आणला आणि संध्याकाळी बिल्डिंगच्या गच्चीवर उभा केला. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत, तर विटा लावल्या. मी मदतीला गेलो, मला म्हणाली, "बाबा, ती दोरी सोडा, तुम्ही उलटी बांधताय." शेजारपाजारचे बघायला आले. कोणी विचारलं हे काय, तर प्रितीनेच उत्तर दिलं, "मे महिन्यात मी शिबिराला जाणार आहे. प्रॅक्टिस." म्हणताना तिच्या कपाळावर घाम होता, पण म्हणाली. अपेक्षाने बाजूला उभं राहून तिला बोलू दिलं. तुझ्यासारखीच उभी होती, हात मागे बांधून.

तेव्हा मे महिन्याच्या शिबिरात प्रितीचं नाव घाल. अपेक्षाचं पण, मदतनीस म्हणून, तुला चालत असेल तर. तिने मला विचारलेलं नाही. फक्त सांगितलंय.

आता दोघी वर तंबूत आहेत. आज तिथेच झोपणार आहेत. प्रधानबाई आणि मी गच्चीच्या जिन्यात बसलो होतो, उगाच, काही लागलं तर. थोड्या वेळाने अपेक्षा बाहेर आली, आम्हाला बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही दोघं इथे काय करताय? आम्हाला एकमेकींचं सगळं माहीत आहे. जा खाली."

आम्ही खाली आलो. ललिताने चहा टाकलाय. वरून दोघींच्या हसण्याचा आवाज येतोय आणि मी तुला लिहीत बसलोय.

तुझा,
गुणादादा